खोटा वारस आणि वगळलेला वारस

वारसाहक्कातील लबाडी म्हटली की आपल्याला तोतया आठवतो. मराठी इतिहासाला हा शब्द चांगला परिचयाचा आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांचे नाव सांगणारा एक माणूस उभा राहिला, त्याच्याभोवती फौज जमली, आणि अखेर १७७६ साली त्याला पुण्यात देहान्ताची शिक्षा झाली. इंग्लंडमध्येही असेच घडले. टिचबोर्न घराण्याचा समुद्रात बेपत्ता झालेला वारस आपणच, असे सांगत एक माणूस ऑस्ट्रेलियातून आला. खोट्या शपथेबद्दल १८७४ साली त्याला चौदा वर्षांची सजा झाली. अशा गोष्टी लोक चवीने वाचतात. त्यांत गादी असते, जहागीर असते, आणि एक परका माणूस भर दरबारात 'मी वारस आहे' असे सांगतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत काम करताना मी जे पाहत आलो ते याच्या नेमके उलट आहे. येथे परका माणूस येऊन 'मी आहे' असे सांगत नाही. येथे घरचाच माणूस तहसीलीत जातो आणि घरच्याच दुसऱ्या माणसाबद्दल 'ती नाही' असे लिहून देतो. 'मृतास माझ्याखेरीज अन्य कोणीही वारस नाही' हे एक वाक्य, त्याखाली सही आणि दोन साक्षीदार. एवढ्यावर एखादी बहीण, एखादी विधवा, पहिल्या बायकोची एखादी मुलगी कागदावरून नाहीशी होते. ती जिवंत असते, रोवणीला जाते, तेंदूपत्ता तोडते, मतदान करते. फक्त बापाच्या जमिनीच्या बाबतीत ती जन्मलेलीच नसते.

या लबाडीला फौजदारी कायद्यात शिक्षा आहे काय? आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. काही बाबतींत तर ती जन्मठेपेपर्यंत जाते. मग ती शिक्षा झालेला माणूस आपल्या पंचक्रोशीत कोणाला माहीत का नसतो? याचे साधे उत्तर लोक देतात ते असे की, कायदा गरिबासाठी नाही. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि कार्यकर्त्याला आळशी करणारे आहे. वास्तविक प्रत्येक कलमाबरोबर कायद्याने एक प्रश्न ठरवून टाकला आहे : या गुन्ह्याची तक्रार कोणी करायची? बऱ्याच कलमांत ते उत्तर 'जिचा हक्क गेला तिने' असे नाही. हे समजून घेतल्याशिवाय शिक्षेची भाषा करणे व्यर्थ आहे. म्हणून हा लेख.

नोंद कशी होते आणि माणूस कसा गळतो

खातेदार वारला की ज्याला वारसाने हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ मध्ये सांगितले आहे. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, गावात मात्र तो अजून तलाठीच.) वारसांची नावे गाव नमुना ६-क या वहीत येतात, चौकशी होते, मग फेरफार पडतो. कलम १५० प्रमाणे फेरफाराची प्रत चावडीवर लावायची आणि संबंधितांना लेखी कळवायचे. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त म्हणून वेगळ्या वहीत जाते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नाव चढते.

ही पद्धत वरवर पाहता निर्दोष वाटते. पण लेखी कळवायचे कोणाला? हक्कनोंदणीवरून किंवा फेरफाराच्या वहीवरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना. जी मुलगी सातबाऱ्यावर कधी नव्हतीच आणि जिचे नाव अर्जातही लिहिलेले नाही, तिचा हितसंबंध वहीवरून दिसणार कसा? बाप नागभीड तालुक्यातल्या गावी वारला आणि मुलगी सिरोंच्याला नांदते. नागभीडकडच्या चावडीवरचा कागद ती कधी वाचणार? म्हणजे जिला वगळले तिलाच नोटीस जात नाही, आणि नोटीस गेली नाही म्हणून हरकत येत नाही, आणि हरकत आली नाही म्हणून नोंद कायम होते. पुढे कलम १५७ म्हणते की प्रमाणित नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानावी. अशा रीतीने एका माणसाचे मौन आणि दुसऱ्याचे अज्ञान मिळून सरकारी सत्य तयार होते.

माझ्या पाहण्यात वगळण्याचे तीन प्रकार आले आहेत.

पहिला प्रकार मौनाचा. अर्जात नाव लिहायचेच नाही. विचारले तर 'बहिणींना लग्नात दिले, आता त्यांचे काय?' असे उत्तर मिळते.

दुसरा अंगठ्याचा. 'रेशनच्या कागदावर अंगठा पाहिजे' किंवा 'सोसायटीचे कर्ज माफ होणार आहे' असे सांगून हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा. ब्रह्मपुरीकडची एक बाई मला म्हणाली, "दादा म्हणे, बाई, येथं लाव. मी लावला. भावाला विचारू का, कायचा कागद आहे म्हणून?" जो भाऊ दरसाल भाऊबीजेला साडीचोळी पाठवतो त्याला कागदाचा मजकूर विचारणे हाच आपल्याकडे अपराध समजला जातो.

तिसरा प्रकार कागदाचा. मृत माणसाच्या नावे मृत्युपत्र निघते, दत्तकपत्र निघते, जुने वाटणीपत्र निघते. हयातीत ज्याने कधी स्टँपपेपर पाहिला नाही तो मेल्यावर मोठा लिहिणारा होतो.

२०२५ च्या एप्रिलपासून शासनाने 'जिवंत सातबारा' ही मोहीम राज्यभर राबवली. मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावायची, असा तिचा हेतू. पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेल्या नोंदी मार्गी लागणे चांगलेच आहे. पण नोंद जितकी झपाट्याने होते तितकी चौकशी पातळ होण्याचा धोका वाढतो, हे मोहिमेच्या काळात गावोगावी सांगणे आवश्यक होते आणि पुढेही आहे. मेलेला माणूस सातबाऱ्यावरून उतरवताना जिवंत माणूसही उतरवला जाऊ नये.

येथे पणाला काय लागलेले असते

दोन-तीन एकर धानाच्या बांधीसाठी एवढे कशाला, असे शहरातला वाचक विचारील. आपल्या लोकांकडे जी थोडी जमीन आहे ती सहजी आलेली नाही. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या मागे हजारो माणसे तुरुंगात गेली होती. सरकारकडून मिळालेल्या जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग २ च्या असतात. त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत, पण वारसाने जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा तर विकताच येत नाही. कलम ४(४) प्रमाणे तो नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो आणि फक्त वारसानेच पुढे जातो. म्हणजे गरिबाच्या जमिनीला बाजाराची वाट बंद असली तरी वारसाची वाट खुली असते. लबाडी साहजिकच त्या वाटेने येते.

याशिवाय मृत्यूच्या मागून येणारा पैसा. वाघाच्या हल्ल्यात माणूस मेला तर शासन वारसांना २५ लाख रुपये देते. ताडोबाच्या भोवतालच्या आणि ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या गावांना हा कायदा तोंडपाठ आहे. वेकोलिच्या कोळसा खाणीत शेत गेले तर मोबदल्याबरोबर नोकरीचाही प्रश्न असतो, आणि नोकरी एकालाच मिळते. अशा वेळी तरुण विधवेला माहेरी पाठवून दीर-भासरे 'वारस आम्हीच' म्हणून उभे राहतात. तिच्या मांडीवर मूल असेल तर त्याचाही वाटा तिच्याबरोबर गावाबाहेर जातो.

शिक्षा काय आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनेच कलम लागते. वारसाची बरीच प्रकरणे जुनी असतात, म्हणून नव्या कलमाबरोबर जुने कंसात देतो.

प्रथम खोटे बोलण्याचे गुन्हे. सरकारी अधिकाऱ्यापुढे शपथेवर खोटे विधान केले तर कलम २१६ (जुने १८१) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अधिकाऱ्याने जे करू नये ते करावे म्हणून त्याला खोटी माहिती दिली तर कलम २१७ (१८२) खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. न्यायालयाच्या कामात खोटा पुरावा दिला तर कलम २२९ (१९३) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी न्यायालयात जाणूनबुजून खोटा दावा मांडला तर कलम २४६ (२०९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

दुसरा गट खोट्या कागदाचा. येथे कायदा खरोखर कठोर आहे. बनावट मृत्युपत्र, मुलगा दत्तक घेण्याचा बनावट अधिकारलेख, किंवा मालमत्तेचा हक्क निर्माण करणारा वा सोडून देणारा बनावट दस्त, यांना कलम ३३८ (४६७) लागते : जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. असा कागद बनावट आहे हे ठाऊक असून तो खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम ३४० (४७१) खाली बनावट करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. म्हणजे 'लिहिला दुसऱ्याने, मी फक्त दाखल केला' ही सबब चालत नाही. खरे मृत्युपत्र लबाडीने फाडले, जाळले किंवा दडवले तर कलम ३४३ (४७७) खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

याच ठिकाणी अंगठ्याचा प्रश्न येतो. बनावट कागद म्हणजे खोटी सही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. कलम ३३५ (४६४) मध्ये बनावट कागदाच्या ज्या व्याख्या आहेत त्यांतली एक अशी की, फसवल्यामुळे ज्याला कागदाचा मजकूर ठाऊक नाही, किंवा नशेमुळे तो समजू शकत नाही, अशा माणसाची सही लबाडीने घेणे हेही खोटा दस्तऐवज करणेच होय. अंगठा खरा, पण कागद खोटा. रेशनचे नाव सांगून घेतलेला अंगठा आणि मोहाची पाजून घेतलेला अंगठा या दोन्ही गोष्टी कायद्याने १८६० सालीच ओळखल्या होत्या. आपले लोक मात्र 'आता अंगठा दिला ना बाई, काय करता?' असे म्हणून घरी परततात. कार्यकर्त्याने एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

तिसरा गट फसवणुकीचा. फसवून मालमत्ता किंवा पैसा हाती घेतला तर कलम ३१८(४) (४२०) खाली सात वर्षांपर्यंत कैद. विधवेला दडवून सरकारी नुकसानभरपाई उचलली तर फसवणूक त्या कार्यालयाची झाली, आणि हे कलम विचारात येते. बहिणीच्या जागी दुसरीच बाई उभी केली तर ती खरी तोतयेगिरी. कलम ३१९ खाली आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कलम ४१९ मध्ये ती तीन वर्षे होती. हे दुय्यम निबंधकापुढे केले असेल तर नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ८२ वेगळे लागते. तेथेही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मृताच्या ताब्यातील चीजवस्तू वारसाच्या हाती जाण्यापूर्वी गिळंकृत करणाऱ्याला कलम ३१५ (४०४) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

शेवटी, हे सारे जाणूनबुजून वहीत लिहिणारा सरकारी नोकर. कोणाला इजा व्हावी म्हणून चुकीचा कागद तयार करणे किंवा खोटी नोंद करणे याला कलम २०१ (१६७) आणि २५६ (२१८) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

तक्रार कोणी करायची

आता मुख्य अडचण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५) प्रमाणे, कलम २१६ किंवा २१७ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय घ्यायचे ते फक्त त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरून. म्हणजे ज्या तहसीलदारापुढे खोटे शपथपत्र झाले त्यानेच न्यायालयात जायचे. हक्क बहिणीचा गेला, पण कायद्याच्या नजरेने अपमान कचेरीचा झाला. आणि त्या कचेरीतीलच कोणाचा हात खोट्या नोंदीत असेल तर ती तक्रार कधी निघणार?

त्यात मुदतीची अडचण. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांत घ्यावी लागते. एक वर्षापर्यंतची शिक्षा असेल तर एका वर्षात. गुन्हा माहीत नसेल तर तो कळल्या दिवसापासून मुदत मोजता येते. आपल्याकडे बहिणीला कळते ते बहुधा जमीन विकली जाऊन नवा मालक नांगर घालतो तेव्हा. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना, म्हणजे फसवणूक व बनावट मृत्युपत्र यांना, ही मुदत नाही.

न्यायालयात दिलेल्या खोट्या पुराव्याचेही तसेच. तेथे तक्रार त्या न्यायालयानेच करायची असते. मात्र कलम ३७९ (जुने ३४०) प्रमाणे 'चौकशी करून तक्रार करावी' असा अर्ज कोणीही त्या न्यायालयाला देऊ शकतो. बनावट कागद न्यायालयात दाखल झाल्यावर सामान्य माणसाला वाट बंद होते काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २००५ साली इक्बालसिंग मारवाह प्रकरणात आला होता, आणि ते प्रकरण मृत्युपत्राचेच होते. न्यायालयाने सांगितले की, बंदी फक्त न्यायालयाच्या ताब्यात असताना कागदात केलेल्या बनावटीला लागू आहे. घरी बसून बनवलेला कागद नंतर न्यायालयात आणला तर नेहमीची फिर्याद चालते. ही वाट आपल्यासाठी फार मोलाची आहे.

दुसऱ्या एका निकालाने मात्र वाट अरुंद केली आहे. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या २००९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दुसऱ्याची जमीन आपली म्हणून स्वतःच्या नावाने विकणे म्हणजे बनावट दस्त करणे नव्हे. सही करणारा आपण जो आहे तोच म्हणून सही करतो; खोटा आहे तो त्याचा हक्क. अशा विक्रीत फसवणूक होऊ शकते ती खरेदीदाराची. आता एकट्या भावाने 'मीच मालक' म्हणून सारी जमीन विकली आणि बहिणीने ठाण्यात जाऊन 'बनावट खरेदीखत' अशी फिर्याद दिली, तर ती पुढे टिकत नाही याचे कारण हे आहे. तिची फिर्याद खरेदीखतावर रोखून उपयोग नाही. त्यामागच्या शपथपत्रावर, वारसनोंदीवर, हक्कसोडपत्रावरच्या अंगठ्यावर रोखली पाहिजे. तिने हताश होण्याचेही कारण नाही. भाऊ आपल्या हिश्शापुरतेच विकू शकतो, बहिणीचा हिस्सा त्या खरेदीने जात नाही.

ठाणेदार बहुधा म्हणतो, 'हे दिवाणी आहे, कोर्टात जा.' एकाच कृत्यातून दिवाणी दावाही निघतो आणि फौजदारी गुन्हाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. फिर्याद घेतली नाही तर ती लेखी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही काही झाले नाही तर कलम १७५(३) खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे. हा क्रम चुकवला की अर्ज त्याच मुद्द्यावर फेटाळला जातो.

आदिवासींचा वारसा

या दोन जिल्ह्यांत हा विषय आदिवासींना वगळून मांडताच येत नाही. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ बौद्धांना लागू आहे. पण कलम २(२) प्रमाणे अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंड, माडिया, कोलाम यांचा वारसा रूढीने चालतो. 'आमच्यात मुलीला देत नाहीत' एवढे म्हटले की आजवर प्रश्न मिटत असे. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रामचरण विरुद्ध सुखराम या छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्या प्रकरणात या म्हणण्याला आव्हान दिले. मुलीला वगळणारी रूढी आहे असे म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी. ती सिद्ध झाली नाही तर समतेच्या तत्त्वाने स्त्रीच्या वारसांनाही वाटा मिळेल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे रूढीविषयी खोटे सांगणे हीही यापुढे तपासली जाणारी गोष्ट आहे.

दुसरी बाजू बिगर-आदिवासी खरेदीदाराची. ६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा वेगळा कायदा झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात १९८४ साली तो वैध ठरवला. पण ही बंदी हस्तांतरणावर आहे. वारसाने जमीन जाणे म्हणजे हस्तांतरण नव्हे. म्हणून निपुत्रिक म्हाताऱ्याचा अचानक निघालेला दत्तक मुलगा, किंवा एका भावाचे नाव लावून मागून जमीन कसणारा सावकार, यांच्याकडे संशयाने पाहिले पाहिजे.

येथे अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ उपयोगी पडतो, आणि तो अनुसूचित जाती व जमाती दोघांसाठीही आहे. कलम ३(१)(एफ) व (जी) प्रमाणे आपल्या लोकांची जमीन गैरपणे ताब्यात घेणे किंवा त्यांना तिच्यावरून हुसकणे याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. २०१५ च्या दुरुस्तीने 'गैरपणे' या शब्दाच्या अर्थात जमिनीचे अभिलेख बनावट करणे हेही स्पष्टपणे घातले. मात्र आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही. भावाने बहिणीला वगळले तर हे कलम नाही. भावाला पुढे करून जमीन घेणाऱ्या सवर्ण खरेदीदाराचा हात सिद्ध झाला तर आहे. बहुतेक प्रकरणांत असा हात असतो, आणि आपण भावाबहिणीचे भांडण पाहत बसल्यामुळे तो दिसत नाही.

शिक्षेने काय होत नाही

भाऊ तुरुंगात गेला म्हणून बहिणीचे नाव सातबाऱ्यावर येत नाही. फौजदारी न्यायालय शिक्षा देते. हिस्सा देत नाही. तो दिवाणी न्यायालयातूनच मिळवावा लागतो. फेरफाराने मालकी ठरत नाही, हे न्यायालये सतत सांगत आली आहेत; जितेंद्रसिंग विरुद्ध मध्य प्रदेश या २०२१ च्या प्रकरणात मृत्युपत्रावरून घातलेल्या नोंदीबद्दल ते पुन्हा सांगितले गेले. आणि एक विचित्र गोष्ट अशी की, लबाडी सिद्ध झालेल्या भावाचा स्वतःचा हिस्सा शाबूत राहतो. हिंदू वारसा अधिनियमाचे कलम २५ खून करणाऱ्याला मृताच्या वारशातून बाद करते. सहवारसाला कागदावर मारणाऱ्याला बाद करीत नाही.

फ्रान्सच्या दिवाणी संहितेतील कलम ७७८ या बाबतीत अधिक शहाणे आहे. जो वारस दुसऱ्या वारसाचे अस्तित्व लपवतो, त्याला त्या लपवण्याने जो वाढीव हिस्सा मिळाला असता त्यावर त्याचा हक्कच राहत नाही. ज्या लाभासाठी लबाडी केली तोच काढून घेतला जातो. आपल्या कायद्यात अशी तरतूद व्हावी अशी मागणी आपल्या चळवळीने केली पाहिजे, असे मला वाटते. गरीब घरातल्या माणसाला सात वर्षे तुरुंगात टाकण्यापेक्षा त्याच्या लबाडीचे फळ काढून घेणे अधिक न्यायाचे आहे, आणि बहिणीलाही ती मागणी करणे सोपे जाईल. भावाला बेड्या पडाव्यात असे तिला क्वचितच वाटते. तिला तिची बांधी हवी असते.

करायचे काय

गावात मृत्यू झाला की तेरवीपर्यंत कागद निघायचे थांबत नाहीत. म्हणून आपणही थांबू नये. विधवा आणि प्रत्येक मुलगी यांच्या नावानिशी वंशावळ लिहावी आणि तीन महिन्यांच्या आत त्यांच्याच सहीने वा अंगठ्याने तलाठ्याकडे अर्ज देऊन पोच घ्यावी. नाव एकदा वहीत आले की नोटीस देणे कचेरीला भाग पडते. नोंद आधीच झाली असेल तर नुसता सातबारा पाहून भागत नाही. फेरफाराची, जोडलेल्या शपथपत्राची आणि जबाबांची प्रमाणित नक्कल काढावी. मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागावी. खोटे कोण बोलला, कोणापुढे बोलला, शपथेवर की साधे, हे त्या नकलेवरूनच कळते आणि कलम त्यावरून ठरते. फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करावे. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते. जमीन विकली जाण्याचा धोका असेल तर प्रथम दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणावा, फिर्याद नंतर. वकिलाच्या फीची चिंता करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे जिल्हा प्राधिकरणाची कचेरी आहे.

एक सावधगिरी. प्रत्येक चुकलेली नोंद गुन्हा नसते. लबाडीचा हेतू सिद्ध करावा लागतो. ज्याला स्वतःलाच आपल्या बहिणीचा हक्क ठाऊक नव्हता अशा माणसावर सरसकट फिर्यादी ठोकल्या तर हे शस्त्र बोथट होईल, आणि सावकार तेच आपल्यावर उलटवील.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. हिंदू कोड बिल अडवले गेल्यावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलात मुलीचा वाटा होता. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षेला आलेल्या घरांतल्या मुलींना १९५६ च्या कायद्याने मुलग्याबरोबरीने वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली तो हक्क वडिलोपार्जित जमिनीतही नेला. तरीही जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालणारे अनेक हात तहसीलीत 'अन्य कोणीही वारस नाही' या वाक्याखाली सही करतात. सवर्णाने आपले नाव वगळले तर तो अन्याय, आणि आपण बहिणीचे वगळले तर ती रीत, असा हिशेब चालणार नाही. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी पुढची सभा घेण्यापूर्वी आपापल्या घरचा सातबारा काढून त्यावर कोणाचे नाव नाही ते पाहावे.